मामलेदार तृप्त आहे

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरतो, मग दुसरं धरतो आणि विचारतो, "पहिलं बरं की दुसरं?" लोक गोंधळतात. "पुन्हा एकदा दाखवा हो," म्हणतात. मला मनातल्या मनात हसू यायचं. आपल्याला काय दिसतंय एवढंही माणसाला धड सांगता येऊ नये? हल्ली मी हसत नाही. त्याला कारण आमचा बोका.

बोक्याचं नाव मामलेदार. हे नाव माझ्या बायकोनं, मृदुलानं ठेवलं. तो खोलीच्या मधोमध बसतो आणि समोरचा माणूस अर्ज घेऊन आलाय अशा नजरेनं त्याच्याकडे बघतो. मृदुला सूर्यऊर्जेच्या प्रकल्पावर सहा महिन्यांसाठी लडाखला गेली, आणि घरात आम्ही तिघं उरलो: मी, मामलेदार आणि मृदुलाची आई.

सासूबाई जुन्या वळणाच्या. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी जावयाशी थेट बोलायचा त्यांना संकोच. मृदुला घरात असताना आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेल्यावर तो कारभार मामलेदाराकडे आला. "मामलेदार, तुमच्या साहेबांना सांगा, आमटी गार होतेय," असं स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. मग मीही म्हणायचो, "मामलेदार, आईंना सांगा, दोन मिनिटांत आलो." बोका दोघांकडेही बघायचा नाही. पण काम व्हायचं.

मामलेदाराचं खाणं म्हणजे 'मिनू' नावाचा ओल्या खाण्याचा डबा. आत तारली माशाचा लगदा आणि वर रस्सा. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे डबा उघडायचा मागच्या गॅलरीत, तोही मीच. बशी वेगळी, चमचा वेगळा. तेवढा वेळ सासूबाई पदर नाकाला लावून देवघरात बसायच्या. त्यांचा मामलेदारावर जीव होता. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी भात कालवून भरवला होता, मलासुद्धा कावीळ झाली तेव्हा वाटी भरून कालवून मृदुलाच्या हातात दिला होता. फक्त बोक्याला त्यांच्या हातचं मिळत नव्हतं. मासा म्हटल्यावर विषयच संपला.

मग डबा बदलला.

समुद्रातली तारली विरळ झाल्याचं आपण ऐकतच होतो. मिनूवाल्यांनी मासाच काढून टाकला. डब्यावर मांजराचं चित्र तेच, खाली नवी ओळ: 'नवी पाककृती. माशाविना मासळी.' मोठाल्या टाक्यांमध्ये यीस्ट वाढवायचं, आपण इडलीचं पीठ आंबवतो त्याचीच थोरली बहीण म्हणा, आणि त्या यीस्टकडून मांजराला लागणारी सगळी प्रथिनं करून घ्यायची. डब्याबरोबर गळ्यात बांधायचा एक पट्टा फुकट. हा पट्टा मांजराच्या मेंदूतली भूक मोजतो आणि फोनवर कळवतो.

मी मांजराच्या खाण्याची चिठ्ठी वाचणारा माणूस नव्हे. ती वाचली सासूबाईंनी, मीच करून दिलेल्या नव्या चष्म्यातून. दोनदा वाचली.

"मामलेदार," त्या हळूच म्हणाल्या, "साहेबांना विचारा, यात मासा मुळीच नाही ना?"

"नाही म्हणावं," मी म्हणालो. "आपल्या इडलीइतकं सोवळं आहे."

दुसऱ्या दिवशी गॅलरीतली बशी स्वयंपाकघरात आली. सासूबाईंनी कुकरमधून काढलेला ऊन ऊन मऊ भात घेतला, त्यावर डब्यातला लगदा ओतला, आणि खाली मान घालून बोटांनी सावकाश कालवला. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. वास वाईट नव्हता. खरं सांगायचं तर कशासारखा होता तेच सांगता येईना. पोट भरून जेवल्यावर दुपारी आडवं व्हावं तसं काहीतरी वाटत होतं. मामलेदार येऊन बसला. त्यानं बशीवर नाक नेलं, डोळे मिटले, दोनदा जीभ लावली आणि तिथेच लवंडून घुरघुरायला लागला. माझ्या फोनवर अक्षरं उमटली: मामलेदार तृप्त आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुकानात जायच्या घाईत होतो, तरी मलाही बरं वाटलं.

पुढे काही आठवडे घरात फार शांतता होती. सासूबाईंची चिडचिड गेली. श्रावणातले उपवास त्यांना पूर्वी जड जायचे, संध्याकाळी डोकं धरून बसायच्या. या वर्षी उपवास कळलेच नाहीत म्हणे. उपवास संपले तरी त्या अर्ध्या पोळीवर उठू लागल्या. भजनी मंडळाच्या विमलताईंना त्या सांगत होत्या ते मी ऐकलं: "इतकी वर्षं जप केला, पण जिभेची ओढ सुटत नव्हती. आता आपोआप सुटलीय बघा. ताट पुढे आलं तरी मन जात नाही."

विमलताईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. बायका सकाळच्या वेळी मुद्दाम येऊन बसू लागल्या. "तुमच्या स्वयंपाकघरात नुसतं टेकलं तरी कसं भरल्यासारखं वाटतं," असं म्हणत आणि पुढे केलेला शिरा न खाता जात. शिरा तसाच टाकून बायका उठतात हे मी आयुष्यात प्रथमच बघत होतो.

माझं स्वतःचं काही कळत नव्हतं. दुकानात असलो की दुपारी इतकी भूक लागायची की शेजाऱ्याचं भडंग उचलून खायचो. रविवारी घरी असलो की जेवायची आठवण होत नसे. वयाचा परिणाम असेल असं वाटलं. मग वाटलं, वय काय फक्त रविवारी होतं? पण घरात संतपण येत असताना आपण पोटाचा विचार करतोय याचीच लाज वाटून मी गप्प बसलो.

मामलेदार वाळत चालला होता. पाठीवरून हात फिरवला तर मणके लागायचे. फोन मात्र दिवसातून दोनदा कळवायचा, मामलेदार तृप्त आहे. सासूबाई म्हणायच्या, "मामलेदार, साहेबांना सांगा, काळजी करू नका. दोनच घास खातो, पण समाधानानं खातो." उरलेला भात त्या गच्चीवर पाखरांना घालत, म्हणून बशी मला नेहमी रिकामीच दिसे. मी पट्ट्यावर विश्वास ठेवायचा की हाताला लागणाऱ्या मणक्यांवर? ज्या दिवशी तो खिडकीवर उडी मारताना खाली पडला, त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्याला जनावरांच्या डॉक्टर शबाना जमादारांकडे नेलं. टोपली सासूबाईंच्या मांडीवर होती.

डॉक्टरीणबाई मिरजेच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी मामलेदाराचं पोट दाबून बघितलं. "ह्याच्या पोटात काही नाही. उपाशी ठेवताय काय ह्याला?"

मी फोन पुढे केला. "अहो, हे बघा, तृप्त म्हणतंय."

"मी काय फोनला औषध देणार हाय का? मांजराचं माणसासारखं नसतं, साहेब. चार दिवस नीट खाल्लं नाही की अंगातली चरबी सुटून यकृतात जाते. मग यकृत बसतं. मग मी काही करू शकत नाही." सुई टोचून त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर सासूबाईंच्या मनगटावर गेली. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. "आणि आजींचं काय? ह्या जेवतात का?"

"माझी वासना सुटलीय हो," सासूबाई संकोचानं म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. "दोघं एकदम?" त्यांनी विचारलं.

मी त्या बांगड्यांकडे पाहिलं. इतके दिवस मी बोक्याचे मणके मोजत होतो, आणि शेजारी एक म्हातारं माणूस कापरासारखं उडून चाललं होतं ते मला दिसलं नव्हतं. दिसण्याचा धंदा करतो मी.

घरी आल्यावर मिनू कंपनीला फोन लावला. बराच वेळ यंत्र गोड आवाजात बोललं, मामलेदार तृप्त असल्याबद्दल त्यानं माझं अभिनंदनही केलं. मी आवाज चढवल्यावर शेवटी एक माणूस आलं. देवयानी कुंटे, चव विभागातल्या शास्त्रज्ञ. त्यांनी नीट ऐकून घेतलं. तक्रार दुसऱ्या कोणाकडून आलेली नाही, म्हणाल्या.

"बशीत किती वेळ ठेवता?"

"ठेवत कुठे? सासूबाई लगेच भातात कालवतात."

"भातात?"

"हो. ऊन भातात. कुकरमधून काढला की."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पहिल्यांदा कळलं नाही, पुन्हा सांगायला लावलं. मेंदूच्या तळाशी भुकेच्या पेशींचा एक पुंजका असतो. पोट रिकामं झालं की त्या ओरडायला लागतात. गंमत अशी की त्या गप्प बसतात पोट भरल्यावर नव्हे, तर अन्नाचा वास आल्याबरोबर. अन्न आता येणारच, मग कशाला ओरडा, असा त्यांचा हिशेब. मागून अन्न आलं नाही तर त्या पुन्हा ओरडू लागतात. निसर्गातला कुठलाच वास त्यांना फार वेळ फसवू शकत नाही.

नव्या पाककृतीचा वास निसर्गातला नव्हता. तो संगणकानं बांधला होता. हजारो मांजरांच्या गळ्यात पट्टे, प्रत्येक खेपेला वासात एक कणभर बदल, आणि ज्या बदलानं भुकेच्या पेशी जास्त गप्प बसतील तो ठेवायचा. संगणकाला सांगितलं होतं, मांजर तृप्त कर. त्यानं इमानेइतबारे केलं. मांजर जेवलं की नाही हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. थंड बशीत हा वास थोडा थोडा सुटतो, मांजर चाटत राहतं आणि पोट भरतं. प्रयोगशाळेत सगळ्या बशा थंड होत्या.

"गरम भातात तो एकदम सुटत असणार," त्या म्हणाल्या. "खाण्याच्या आधीच जेवण झाल्यासारखं. कोणी हे गरम भातात कालवील असं आमच्या मनातच आलं नाही."

"आणि माणसाला?" मी विचारलं.

"त्या पेशी सगळ्या सस्तन प्राण्यांत बऱ्याचशा सारख्याच असतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही डबा बंद करा. मी आजच वर कळवते. आणि आजींना जपा."

फोन ठेवला. समोर मामलेदार घोंगडीवर पडला होता, आणि आत सासूबाई जप करत होत्या. आता हे त्यांना सांगायचं कसं? सांगितलं नाही तर दोघंही जाणार. सांगितलं तर काय सांगणार? तुमच्या हातच्या घासानं हा उपाशी मरतोय, आणि तुम्हाला आलेलं वैराग्य मांजराच्या डब्यातलं आहे? मला त्यांच्याशी थेट बोलायची सवय नव्हती, आणि असल्या गोष्टीनं सुरुवात करायचा धीर तर मुळीच नव्हता.

मी घोंगडीशेजारी जमिनीवर बसलो. "मामलेदार," मी म्हणालो, "आईंना सांगा..." आणि सगळं सांगितलं. संगणक, पेशी, वाफ, सगळं. सांगताना बोक्याकडेच बघत होतो. आतला जप थांबलेला मला ऐकू येत होता.

आतून आवाज आला, कोरडा. "मामलेदार, साहेबांना विचारा, माझा जपही डब्यातलाच का?"

मला खरोखरच माहीत नव्हतं.

मृदुलाला फोन केला. ती म्हणाली, "तिला आज कधी नव्हे ते इतकं शांत वाटतंय, आणि तू ते काढून घेणार?" लगेच म्हणाली, "काढून घे. लगेच काढून घे." आणि रडायला लागली. तिचंही माझ्यासारखंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला नाही. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या, स्वयंपाकघर सोड्यानं धुऊन काढलं. सासूबाईंनी विरोध केला नाही. जावयाला खोटं पाडायचं म्हणून त्या ताठ बसून होत्या. मी मात्र मनात भिंगं बदलत होतो. पहिल्या सासूबाई खाऊन पिऊन चिडचिड्या. दुसऱ्या शांत, हसऱ्या आणि मरणाच्या वाटेवर. पहिल्या बऱ्या की दुसऱ्या, हे मी कोण ठरवणार?

दुपारी काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून आत गेलो. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. शिळी पोळी हातात होती, गुळाचा डबा उघडा. उभ्यानंच त्या मोठे मोठे घास कोंबत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ज्या बाईनं आयुष्यात कधी उभ्यानं घास घेतला नाही ती ही. मला बघून त्यांनी पोळी पदराआड लपवली. मी पाहिलं नाही असं दाखवून बाहेर आलो. फार वाईट वाटलं. जिंकलो होतो, आणि स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटत होतं.

त्यानंतर त्यांनी जपाची माळ खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी ताट परत पाठवलं. ही पूर्वीची अनिच्छा नव्हती. विमलताई आल्या तेव्हा त्यांनी दार उघडू दिलं नाही. मी ताट घेऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाल्या, "मामलेदार, सांगा त्यांना. मुकं जनावर माझ्या हातून उपाशी राहिलंय. ते जेवल्याशिवाय मी ताटावर बसायची नाही."

वास गेला होता, भूक आली होती, आणि आता त्या स्वतःच्या मर्जीनं उपाशी होत्या. म्हणजे मी मिळवलं काय?

मामलेदाराचा पट्टाही आता खरं बोलू लागला होता. मामलेदार भुकेला आहे, मामलेदार भुकेला आहे, असं फोन सारखा सांगत होता. पण उठून खाण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं. दुसरं काही नव्हतं म्हणून नव्याच डब्यातलं खाणं मी गॅलरीतून थंड बशीत त्याच्या तोंडाशी नेलं, तर त्यानं मान वळवली. जमादार डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "अशक्त मांजर गार खात नाही. कोमट करून द्या. आणि जो रोज भरवतो त्यानंच भरवा. उद्यापर्यंत काही पोटात जायला पाहिजे, नाहीतर अवघड हाय."

कोमट करायचं तर नवा डबा चालणार नव्हता. जुनाच हवा, तारलीचा. तो बाजारातून केव्हाच उठला होता. सांगलीतली सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी मिरजेला एका दुकानदारानं फळीच्या मागून दोन डबे काढून दिले. मुदत संपायला थोडे दिवस उरले होते. घासाघीस न करता घेतले आणि पळत सुटलो.

गॅलरीत डबा उघडला. तोच जुना, नाक उडवणारा वास. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट केलं आणि चमच्यानं मामलेदाराच्या तोंडाला लावलं. त्यानं नाक हलवलं. त्याला हवं होतं ते दिसत होतं. पण चमचा जवळ आला की तो मान फिरवी आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राही. मी पुन्हा चमचा नेला, पुन्हा तेच. "अरे खा रे," मी म्हणालो. "खा ना बाबा."

दारात सासूबाई उभ्या होत्या. पदर नाकाला होता. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

त्या आल्या आणि घोंगडीपाशी खाली बसल्या. पदर नाकावरून काढून त्यांनी कमरेला खोचला. वाटी माझ्या हातातून घेतली. क्षणभर त्यांनी तोंड फिरवलं, घशाशी आलेलं आवरलं. मग चार बोटं त्या माशाच्या लगद्यात घातली, कालवला, सुपारीएवढा घास केला आणि मामलेदाराच्या तोंडाशी धरला.

मामलेदारानं त्यांच्या बोटांचा वास घेतला. मग खाल्लं. गिळलं. दुसरा घास चाटूनपुसून खाल्ला. तिसऱ्या घासाला तो पुढचे पाय टेकून अर्धवट उठला आणि बोटंच चावायला लागला. "अरे, हळू, हळू," सासूबाई म्हणत होत्या. माझ्या खिशातला फोन अजून सांगतच होता, मामलेदार भुकेला आहे. वाटी रिकामी झाली तरी तेच सांगत होता, इतक्या दिवसांची भूक होती ती. मी तो बंद करून टाकला.

सासूबाई उठून नळावर गेल्या. साबण लावला, हात धुतला, हुंगला. पुन्हा लावला. मग बेसन लावून धुतला, लिंबाची फोड चोळली, हुंगला. मला वाटलं, आता आंघोळ करतील, सोवळं नेसतील, देवापुढे बसतील. मी बंबात पाणी तापत ठेवायला निघालो.

"मुकुंदराव," त्या म्हणाल्या.

मी थबकलो. वीस वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मामलेदार घोंगडीवर पाय चाटत होता, त्यानं वरही पाहिलं नाही.

"मला भूक लागलीय हो," त्या म्हणाल्या. "वाढा."

मी पाट मांडला, ताट मांडलं, गरम भात वाढला, वरण, वर तुपाची धार. त्या बसल्या. उजवा हात नाकाशी नेऊन त्यांनी एकदा हुंगला. वास गेलेला नव्हता, मला तो समोर बसूनही येत होता. त्यांनी हाताकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं, आणि त्याच हातानं भात कालवायला घेतला.